डिसेंबरात हीटर कशाला?

थंडी पडली की भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या क्वार्टरांमधून ठरलेला प्रश्न येतो. या आठवड्यातही आला. रोझी बार्बची जोडी घेतली, दुकानदाराने सोबत हीटर दिला, २८ अंशांवर ठेवायला सांगितलं आणि आता मासे वर येऊन तोंड उघडताहेत.

हीटर बंद करा. पाणी हळूहळू निवू द्या.

रोझी बार्ब हा उत्तर भारतातल्या नद्या-तळ्यांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, आणि आपल्याकडे डिसेंबरात बंद खोलीतलं पाणी त्याच्या जवळपासच असतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढते. तो वर येतो तो त्यामुळे.

जोडी घेणं हीसुद्धा तशीच चूक. हा थव्याचा मासा आहे. सहाच्या खाली ठेवूच नये, आठ असले तर उत्तम, आणि टाकी तीन फुटांची हवी. दोनच ठेवले की एक दुसऱ्याला पळवत राहतो, शेजारच्या लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो. मग लोक मासा भांडखोर म्हणून परत नेऊन देतात. भांडण आपण लावून दिलेलं असतं. थव्यात नर एकमेकांसमोर मिरवतात आणि तो गुलाबी-तांबडा रंग तेव्हाच खऱ्या अर्थाने खुलतो.

मला या सगळ्यात आपले मामा (माजी मालगुजारी) तलाव आठवतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात शालू कोल्हे आणि त्यांच्यासोबतच्या मासेमार ढिवर समाजातल्या बायांनी, भंडाऱ्याचे अभ्यासक मनीष राजनकर यांच्या साथीने, तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. त्यांनी सुरुवात माशांपासून केली नाही. आधी बेशरमची तणझुडपं उपटली, तळ नांगरला, पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या. रोहू-कटल्याचं बीज सोडलं की तलाव सुधारला, अशी वर्षानुवर्षांची सरकारी समजूत. या बायांना ठाऊक होतं की बारीक देशी मासळीला आधी लपायला, चरायला, अंडी घालायला जागा लागते. झाडोरा आला, मग देशी मासे परतले.

आपण घरात नेमकं उलट करतो. आधी मासे, मग रंगीत खडे, मग प्लास्टिकची झाडं, शेवटी हीटर आणि औषधाच्या बाटल्या. प्लास्टिकच्या झाडांविरुद्ध मी पुन्हा लिहितो आहे आणि लिहीत राहणार. त्यांच्यातून प्राणवायू येत नाही, त्यांच्यावर बार्बला चरता येत नाही. प्रश्न सावलीचाही आहे. मे महिन्यात तलावातला मासा झाडोऱ्याखाली, खोल पाण्यात उतरतो. काचेच्या टाकीतल्या माशाला उतरायला जागाच नसते, म्हणून ती सावली आपण देणं लागतो. हायड्रिला लावा, वॅलिसनेरिया लावा. कोवळे शेंडे बार्ब खाईल, खाऊ द्या.

आणखी एक. रोझी बार्बचा जवळचा नातलग टिक्टो आपल्याच तलावांत राहतो. रोझीच्या अंगावर शेपटीकडे एक काळा ठिपका असतो. टिक्टोला दोन, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीजवळ. ढिवरांच्या जाळ्यातल्या बारीक मासळीत तो मुलांना दाखवा. दुकानातला मासा मात्र कुठल्याही तलावात कधीही सोडू नका.

खरी काळजी उन्हाळ्याची, आणि तिची तयारी आताच करा. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून, पत्र्याच्या छपराखालून आणि फ्रीजवरून हलवा. एप्रिलपासून झाकण काढून जाळी बसवा, कारण हा मासा उडी मारतो. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन सोडा; आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, पाणी एकदम गार होऊन पुन्हा तापतं आणि त्या हिसक्याने मासे आजारी पडतात. पावसाची दमट हवा आली की फॅनचा उपयोग घटतो; तेव्हा खाणं निम्मं करा आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एक छोटा पंपही घरात असू द्या. हीटरच्या पैशांत तो येईल.