फुकटची कोंबडी आणि बारा हजारांचा दाणा

राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची एकात्मिक कुक्कुट विकास योजना कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. एकदिवसीय १०० पिल्लांच्या गटासाठी या योजनेचा हिशेब बरीच वर्षं १६,००० रुपयांचा होता आणि त्यातला निम्मा खर्च अनुदानातून मिळे. या १६,००० मध्ये पिल्लांची किंमत होती २,००० रुपये. रात्रीच्या निवाऱ्याला १,०००, भांडी, वाहतूक आणि औषधं मिळून ६००. उरलेले १२,४०० रुपये होते खाद्याचे.

म्हणजे कोंबडी पाळायची तर खरा खर्च तिच्या पोटाचा, हे सरकारी कागदावरही स्पष्ट आहे. गावात मात्र पिल्लं घरी आली की हा आकडा विसरला जातो. ‘परड्यातली कोंबडी, तिला काय घालायचं? आपलं आपण टिपून खाते,’ हे वाक्य करवीरपासून चंदगडपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. एके काळी ते खरंही होतं. ज्या परड्याच्या जोरावर ते खरं होतं, ते परडं आता राहिलेलं नाही. कोंबड्या वाटणाऱ्यांनी आणि पाळणाऱ्यांनी दोघांनीही ही गोष्ट मान्य करायला हवी.

जुन्या घरात सकाळी डालगं उचललं की कोंबडी आधी उकिरड्याकडे पळायची. तिथे अळ्या, गांडुळं, किडे मिळायचे. गोठ्यात बैलांच्या पुढ्यातून सांडलेला भुसा, खळ्यावर विखुरलेला शाळू, उखळापाशी कोंडा, जात्यापाशी भरड. डोंगराकडच्या गावांत नाचणा आणि भाताच्या मळणीनंतर आठवडेच्या आठवडे कोंबड्यांची चंगळ असे. पिल्लं लहान असली तर वारूळ फोडून वाळवी आणून घालत. कुणी वजन करून दिलं नव्हतं, तरी त्या खाण्यात धान्य होतं, हिरवं होतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किड्यांमधून मिळणारी प्रथिनं होती.

आता जिल्ह्याचा बराचसा बागायती पट्टा उसाखाली आहे. उसाच्या रानात कोंबडीला टिपण्यासारखा दाणा पडत नाही. भाताची, सोयाबीनची मळणी यंत्रावर शेतातच उरकते आणि पोती थेट घरात किंवा बाजारात जातात. बैल गेले तसे बऱ्याच घरांतले गोठेही गेले. अंगणात फरशी आली, पेव्हर ब्लॉक आले. या फरशीचा एक तोटा तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कोंबडीला दात नसतात. तिचा दाणा पेट्यात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने दळला जातो. अंगणात खडाच उरला नाही तर खाल्लेला अख्खा दाणाही तिच्या अंगी नीट लागत नाही. उरलं बांधावरचं गवत, तर तिथे तणनाशक मारलेलं असतं.

आणि कोंबड्या मात्र वाढल्या आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१.७ कोटी भरली. २०१२ च्या तुलनेत ही वाढ जवळपास ४६ टक्के होती. त्याच काळात व्यावसायिक पोल्ट्रीतले पक्षी वाढले जेमतेम साडेचार टक्के. टिपून खाण्याची जागा आटत असताना टिपणाऱ्या चोची वाढत आहेत.

जातही बदलली. कोल्हापुरात राज्य सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रांतून आणि खासगी हॅचरींतून गिरिराज, वनराज यांसारखी सुधारित पिल्लं गावात येतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते आणि मध्ये खुडूक बसून स्वतःच्या शरीराला विसावा देते. सुधारित कोंबडीकडून त्याच्या दुप्पट अंड्यांची अपेक्षा असते, तिचं अंगही भारी असतं. मग तिला गावरान कोंबडीच्याच भरवशावर सोडून कसं चालेल? वर्षभराने ‘सरकारी कोंबड्या अंडी देत नाहीत’ अशी तक्रार होते. त्या तक्रारीतला बराचसा दोष रिकाम्या पाटीचा असतो.

एका अंड्याचं कवच साधारण पाच ग्रॅम भरतं आणि त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मक्यात किंवा तांदळाच्या कणीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेरून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. आधी कवच पातळ होतं, मग मऊ अंडी पडतात, मग कोंबडी पायांवर उभी राहीनाशी होते. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. म्हणून शिंपल्याचा चुरा किंवा वाळवून, भाजून कुटलेली अंड्याची टरफलं संध्याकाळी, खुराड्यात कोंडण्याआधी समोर ठेवावीत. वेगळ्या वाटीत ठेवली की ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते. यासाठी पैसाही फारसा लागत नाही, लागते ती माहिती. नेमकी तीच गावात पोहोचलेली नाही.

पोल्ट्रीतल्या बंदिस्त कोंबडीला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. परड्यात थोडंफार फिरणाऱ्या कोंबडीला त्याच्या निम्मं वरून दिलं तरी मोठा फरक पडतो. हे खाद्य विकतच आणलं पाहिजे असंही नाही. मका, भात गिरणीतली कणी, कोंडा आणि शेंगदाणा पेंड या चारही वस्तू जिल्ह्यात मिळतात. निम्मा मका किंवा कणी, पाव भाग पेंड, उरलेला कोंडा आणि वर खनिज मिश्रण असं धरलं तर अंड्यावरच्या कोंबडीला हवी तेवढी, म्हणजे सोळा-सतरा टक्के प्रथिनं मिळतात. नुसती कणी घालत राहिलं तर कोंबडी जाड होते, अंडी मात्र वाढत नाहीत. सकाळी थोडं, संध्याकाळी जास्त. रात्री गळ्याखालची पिशवी हाताला भरलेली लागली पाहिजे. पाणी दाण्याच्या वजनाच्या किमान दुप्पट आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त. खापरातलं पाणी दुपारी उन्हाने तापलं की कोंबड्या ते पीत नाहीत आणि पाणी सुटलं की खाणंही सुटतं.

कोल्हापुरात दोन धोके मात्र खास आहेत. पहिला सोयाबीनचा. घरचं सोयाबीन आहे, प्रथिनांनी भरलेलं आहे, मग घाला कोंबड्यांना, हा विचार सरळ वाटतो. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. ते भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय घातलं तर कोंबडीची वाढ खुंटते. तेल काढलेली, प्रक्रिया झालेली सोयापेंड चालते, कच्चा दाणा चालत नाही.

दुसरा धोका बुरशीचा, आणि तो जास्त गंभीर आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. तिच्यात वाढलेल्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते पुढे जगभर ओळखलं गेलं ते या घटनेमुळे. मक्यावर आणि शेंगदाण्यावर ही बुरशी दमट हवेत सहज धरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ती न धरली तरच नवल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा पुरानंतर घराघरांत भिजलेलं धान्य उरतं. माणसांनी खायचं नाही म्हणून ते कोंबड्यांपुढे टाकण्याचा मोह होतो. टाकू नये. हे विष भाजल्याने पुरतं जात नाही, कोंबडीच्या यकृतावर बसतं, रोगांशी झगडण्याची तिची ताकद घटवतं. मग कोंबड्या मरतात आणि मानमोडीने गेल्या असं म्हटलं जातं. मानमोडीची लस टोचायलाच हवी, पण प्रत्येक मरतूक मानमोडीची नसते.

उरलेल्या अन्नाचंही थोडं तसंच आहे. शिळी भाकरी, भात, भाजीचे देठ कोंबडीला द्यायला हरकत नाही. तांबड्या रश्श्याचा खरकटा भात, लोणचं, खारवलेलं काही मात्र देऊ नये, कारण मीठ तिला फार लवकर बाधतं. फ्रान्समधल्या कोलमार शहराने २०१५ पासून घरचा कचरा कमी करण्यासाठी कुटुंबांना कोंबड्या वाटल्या. ब्रिटनमध्ये याउलट घरच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालण्यावर रोगराईच्या भीतीने कायद्याने बंदी आहे. कोल्हापूरने कोलमारच्या बाजूने राहावं, पण डोळे उघडे ठेवून.

खाद्याचा प्रश्न दुसऱ्याच्या हाती सोपवला की काय होतं, हे या भागाने २०१९ मध्ये पाहिलं. इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ पालनाची योजना आणली. पक्षी कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, अंडी आणि पक्षी परत कंपनीच घेणार. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून पैसे गुंतवले. कंपनी कोसळली, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकण्यात आल्या. चर्चा पैशांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कंपनीचं खाद्य थांबल्यावर शेडमधल्या पक्ष्यांना रोज काय घालायचं, हा प्रश्न त्या घरांत पहिल्या दिवसापासून होता. कडकनाथ मूळचा झाबुआकडच्या आदिवासींच्या परसातला काटक पक्षी. बंद शेडमध्ये, पोत्यातल्या खाद्यावर वाढवल्यावर त्याचा काटकपणा कामी येत नाही.

परड्यातल्या कोंबड्यांना रोज दाणा घालणारे हात बहुतेक घरांत बाईचे असतात. अंड्यांचा पैसाही बहुधा तिच्याच हाती येतो आणि मुलाच्या वहीपासून दवाखान्याच्या फीपर्यंत खर्च होतो. योजनेचा अर्ज, मेळावा आणि सही मात्र बऱ्याचदा घरातल्या पुरुषाची असते. पिल्लं देताना जी काही माहिती दिली जाते ती त्याला मिळते आणि दाणा घालणारी त्यापासून दूर राहते. पिल्लं हवीत तर आधी दाणा घालणाऱ्या बाईने अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, अशी अट घालायला काय हरकत आहे? तळसंदे आणि कणेरी इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शिकवायला जागा आहे, माणसं आहेत.

आणखी एक मागणी अगदी साधी आहे. बाजारातलं तयार खाद्य सहसा ५० किलोच्या पोत्यात मिळतं. सहा कोंबड्यांना रोज पन्नास-पन्नास ग्रॅम वरून द्यायचं तर ते पोतं साडेपाच महिने पुरतं. गगनबावडा, राधानगरीच्या पावसात साडेपाच महिने उघडं पोतं कोरडं राहील, असं कुणीच म्हणणार नाही. शिवाय दुकानदाराकडे एकच पोतं असतं, अंड्यावरच्या कोंबड्यांचं. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते लहान पिल्लांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतं. म्हणून दोन-पाच किलोच्या पिशव्या हव्यात, पिल्लांच्या आणि अंड्यावरच्या कोंबड्यांच्या वेगवेगळ्या. त्या गावच्या बचत गटांनी भराव्यात, गिरणीतली कणी, चांगली वाळवलेली पेंड आणि मका घेऊन, दर पंधरवड्याला ताज्या. पशुसंवर्धन खात्याने खाद्याच्या अनुदानातला वाटा या पिशव्यांकडे वळवावा आणि पहिली पिशवी पिल्लांच्या पेटीबरोबरच घरात पोहोचवावी.