कवड्या कोणाच्या घरात?

आमचं खटलं आता राजूर, पुणे आणि परदेश असं विखुरलंय. सारीपाट दिवाळीत एकदा निघायचा, तेवढाच. म्हणून टेलिग्रामवरच्या घरच्या ग्रुपसाठी कवड्या टाकणारा एक बॉट लिहिला आणि तो राजूरच्या घरी एका रास्पबेरी पायवर चालू ठेवला. पट ज्याच्या त्याच्या घरी मांडलेला, दान तेवढं बॉटचं.

टेलिग्राममध्ये २०२० पासून आयता फासा आहे, ठाऊक आहे. पण तो एक ते सहाचा. कवड्यांचं गणित वेगळं. सहा कवड्या ६४ प्रकारे पडू शकतात. त्यात तीन उताण्या येण्याचे प्रकार २०, सहाही उताण्या येण्याचा एकच. शून्य ते सहामधला कुठलाही आकडा सरसकट उचलला तर ते दुर्मीळ दान दर सात खेपांना एकदा पडेल. मग त्याची मजा काय राहिली? म्हणून प्रत्येक कवडी वेगळी टाकायची. (खरी कवडी पन्नास-पन्नास टक्क्यांनी पडत नाही, हे मान्य. तेवढं चालवून घ्या.)

बसवणं सोपं आहे. बॉटफादरकडून टोकन घ्यायचं. मग आपला बॉटच टेलिग्रामला सारखा विचारत राहतो, काही निरोप आहे का? त्यामुळे राउटरमध्ये खटपट नाही. लाईट गेली तर निरोप तिकडे २४ तासांपर्यंत थांबतात आणि लाईट आली की तुंबलेली दानं धडाधड पडतात. पुण्याच्या मंडळींना याची फार गंमत वाटते.

खरा प्रश्न आत्याने काढला. "यंत्र तुझ्या घरात, कार्यक्रम तू लिहिलेला, आणि खेळतोसही तूच?"

प्रश्न जुनाच आहे. सभापर्वात पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे, यावर युधिष्ठिरानेही हरकत घेतली होती. (घेऊन खेळायला बसलाच, ते सोडा.)

उपाय असा. डाव सुरू होण्याआधी बॉट एक गुप्त संख्या ठरवतो आणि तिचा एसएचए-२५६ ठसा ग्रुपवर टाकतो. ठशावरून संख्या काढता येत नाही, पण मागाहून संख्या बदलली तर ठसा जुळत नाही. दान मागणारा सोबत एक शब्द देतो. गुप्त संख्या, दानाचा क्रमांक आणि तो शब्द यांतून जे निघतं, त्याचे पहिले सहा बिट म्हणजे सहा कवड्या. डाव संपला की संख्या उघड. ज्याला शंका असेल त्याने प्रत्येक दान ताडून पाहावं. आमच्या भाच्याने पाहिलंही.

तरी एक फट उरतेच. यंत्र ज्याच्या ताब्यात त्याला गुप्त संख्या आधी वाचता येते, आणि मग सोयीचं दान पडेल असा शब्द शोधणं हे मिनिटभराचं काम. शब्द शेजारच्या गड्याने द्यायचा ठरवलं, तरी कधीतरी तो शेजारी यंत्रवालाच असणार. म्हणून माझं स्पष्ट मत, बॉट ज्याच्या घरी त्याने खेळू नये. "घरातल्या घरात कशाला एवढं?" असं आई म्हणते. मला वाटतं, घरातल्या घरातच जास्त हवं. बँकेशी भांडून माणूस निदान रात्री जेवतो तरी.

सध्या मी पटाबाहेर आहे. काकांनी सुचवलंय की बॉट आळीपाळीने एकेकाकडे ठेवू. चतुर्थीला आत्या राजूरच्या गणपतीला येतेय, तेव्हा पाय तिच्या पिशवीत घालून देणार, टोकनही नवं काढून. पुढचा डाव तिने नुसता बघायचा.