आखातात कामगाराचा मृत्यू झाला, तर विम्याचे पैसे कुटुंबाला कसे मिळतात?

12 जून 2024 रोजी कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि अनेक भारतीयांचा जीव गेला. अशा वेळी घरच्यांचं सगळं लक्ष मृतदेह परत आणण्याकडे असतं. विम्याचा विषय नंतर निघतो, आणि तेव्हा कागद हाताशी नसतात.

भारतात काढलेली आयुर्विमा पॉलिसी परदेशातल्या मृत्यूलाही सहसा लागू असते. अडतं ते कागदांपाशी. तिथला मृत्यू दाखला, तो अरबीत असेल तर त्याचं भाषांतर, भारतीय दूतावासाचा शिक्का आणि अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल, एवढं लागतंच. मृतदेह तिथे असेपर्यंत कंपनी आणि सोबतचे कामगार धावपळ करत असतात, तेव्हाच हे मागून घ्या. नंतर रत्नागिरीत बसून रियाधच्या पोलिसांकडून कागद मिळवणं फार अवघड. दूतावास मृत्यूची नोंद करून पासपोर्ट रद्द करतो, त्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

आता ज्याची अनेक घरांत कल्पनाच नसते, तो दुसरा विमा. ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे बहुतेकदा दहावी न झालेले, जे कामगार आखातासह ठरावीक 18 देशांत नोकरीला जातात, त्यांना 'प्रवासी भारतीय विमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. भरपाई 10 लाख. मालक बदलला तरी हे संरक्षण टिकतं. मुदत मात्र संपलेली नसावी.

मेख अशी की हे 10 लाख अपघाती मृत्यूसाठीच आहेत. दाखल्यावर 'हृदयविकार' किंवा 'नैसर्गिक' असं कारण असेल, तर ही रक्कम मिळत नाही. म्हणून कारणाचा रकाना नीट वाचून घ्या. शंका असेल तर लगेच दूतावासाशी बोला. घरची पॉलिसी असेल तर तिचा क्लेम वेगळा, तोही करा.

2024च्या नियमांनुसार आयुर्विम्याचा मृत्यूदावा 15 दिवसांत, चौकशी लागली तर 45 दिवसांत निकाली निघायला हवा. पॉलिसीला तीन वर्षं झाली असतील, तर 'माहिती लपवली' हे कारण कंपनीला देता येत नाही. तरी नकार आला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते. फी नाही, वकीलही लागत नाही.