जुन्या ट्रॅक्टराचें इंजिन खोलावें कीं ट्रॅक्टर विकावा ?

ज्या शेतकऱ्यांनीं दहा-पंधरा वर्षांपूर्वीं ट्रॅक्टर घेतले, त्यांपैकीं पुष्कळांपुढें हल्लीं एकच प्रश्न उभा राहतो. सकाळीं इंजिन लौकर सुरू होत नाहीं, भारी जमिनींत नांगर ओढतांना तें दमतें, तेल वरचेवर घालावें लागतें, आणि मिस्त्री सांगतो कीं आतां इंजिन खोलल्यावांचून गत्यंतर नाहीं. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, ह्याच ट्रॅक्टरानें घर वर आणलें, तो काढावयाचा नाहीं. तरुण मंडळी म्हणतात, जुन्यांत पैसा घालणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. हे दोन्ही पक्ष हिशेब मांडण्यापूर्वींच निकाल देऊन मोकळे होतात, म्हणून आमच्या मतें दोहोंचेंही म्हणणें तूर्त बाजूस ठेवावें.

बहुतेक ठिकाणीं तुलना केली जाते ती अशी : ट्रॅक्टराची बाजारांत किंमत किती, आणि दुरुस्तीस खर्च किती ? दुरुस्ती किंमतीच्या निम्म्याहून अधिक झाली कीं ट्रॅक्टर मोडीत निघाला असें समजतात. हा ठोकताळा आम्हांस मुळींच मान्य नाहीं. शेतकऱ्यास ट्रॅक्टर विकण्यासाठीं ठेवावयाचा नसतो, त्याच्याकडून काम घ्यावयाचें असतें. तें काम दुसऱ्या मार्गानें करून घेण्यास वर्षाकाठीं काय पडेल, ह्याच्याशीं दुरुस्तीची तुलना केली पाहिजे. दुसरी चूक याच्या उलट बाजूची. "गेल्या सालीं टायर घातले, त्याच्या आधीं क्लच केला, आतां एवढा पैसा घातल्यावर कसा विकावा ?" असें पुष्कळजण म्हणतात. जो पैसा गेला तो गेला. नव्या टायरांमुळें विक्रीची किंमत चार पैसे वाढत असेल तर तेवढीच हिशेबांत धरावी, त्यापलीकडे मागील खर्चास आजच्या निर्णयांत स्थान नाहीं.

एक उदाहरण मांडून पाहूं. आंकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालावे. समजा, जुना ट्रॅक्टर आहे त्या स्थितींत १,४०,००० रुपयांस जातो, आणि इंजिनाच्या कामास १,१०,००० रुपये लागतात. म्हणजे तो ठेवण्यांत २,५०,००० रुपये गुंतले. दुरुस्तीनंतर तो पांच वर्षें चालला आणि शेवटीं ९०,००० रुपयांस गेला, तर घसारा वर्षास ३२,००० रुपये. सरासरी गुंतवणूक १,७०,००० रुपये, तिजवर दरसाल दर शेंकडा १० प्रमाणें व्याज १७,००० रुपये. किरकोळ दुरुस्ती २०,००० आणि नव्याच्या मानानें अधिक जळणारें डिझेल ६,००० धरल्यास एकूण वर्षास ७५,००० रुपये होतात. आतां नवा ट्रॅक्टर ७,००,००० रुपयांचा घ्या. पांच वर्षांनीं तो निम्म्या किंमतीस गेला तर घसारा ७०,०००, व्याज ५२,५०० आणि किरकोळ दुरुस्ती ७,५००, मिळून १,३०,००० रुपये. जुना वर्षास ५५,००० रुपयांनीं स्वस्त पडला.

येथपर्यंत वडील मंडळींचा पक्ष जिंकला असें वाटेल. परंतु तीच दुरुस्ती पांचाऐवजीं दोनच वर्षें टिकली तर काय ? घसारा एकदम वर्षास ८०,००० होतो आणि जुन्याचा एकूण खर्च १,२३,००० रुपयांवर जातो. म्हणजे नव्याच्या जवळजवळ बरोबर, आणि ऐन हंगामांत बंद पडण्याची धास्ती वेगळी. तेव्हां दुरुस्तीस किती रुपये लागतात ह्यापेक्षां ती किती वर्षें टिकेल हाच खरा प्रश्न आहे, आणि नेमका हाच प्रश्न मिस्त्रीस कोणी विचारीत नाहीं.

ह्याचें उत्तर बव्हंशीं इंजिनाबाहेर असतें, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगूं इच्छितों. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांच्या इंजिनांत लायनर बदलतां येतात. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगें नवीं घातलीं कीं इंजिनाचें पोट जवळजवळ नवें होतें. क्रँकशाफ्ट दहा, वीस, तीस थाऊ असें क्रमाक्रमानें घासून त्या मापाचीं बेअरिंगें बसवितां येतात. पूर्वीं एकदां घासलेला आहे कीं दोनदां, हें खोलल्याशिवाय कळत नाहीं, पण मागील कामाची पावती जपून ठेवली असेल तर आधींच कळतें. शेवटचें माप उलटलें असेल तर क्रँकच नवा लागतो आणि अंदाजाचा आंकडा कोठल्या कोठें जातो. ब्लॉकला चीर गेली असेल, किंवा लायनर बसण्याची जागा गंजून खड्डे पडले असतील, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : खर्च करूं नये.

पण इंजिन नवें करून जुन्या गिअरपेटीस जोडणें ह्यांतही मोठी फसगत आहे. गिअर आपोआप सुटतो काय ? इंजिन बंद केल्यावर उचललेला नांगर लागलाच खालीं येतो काय ? पुढील आंस खिळखिळा झाला आहे काय ? कोंकणांत भाताच्या चिखलणीसाठीं जो ट्रॅक्टर वर्षानुवर्षें चिखलांत उभा राहिला, त्याच्या आंसाच्या ऑइलसीलमधून पाणी आंत जाऊन बेअरिंगें खाल्लेलीं असतात. साखर कारखान्यास दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टराचा क्लच, ब्रेक आणि मागील गिअर इंजिनाच्या आधीं थकतात. रोटाव्हेटरवर राबलेल्या ट्रॅक्टराचें पी. टी. ओ. तपासावें. तासांचा कांटा मात्र पुराव्यास घेऊं नये. तो बहुधा कधींच बंद पडलेला असतो. शेतकी यंत्रांचा खर्च काढतांना ट्रॅक्टराचें आयुष्य १० वर्षें किंवा १०,००० तास धरण्याची रीत आहे. परंतु जो ट्रॅक्टर घरच्या वीस एकरांतच फिरला त्याचीं पंधरा वर्षें, आणि जो भाड्यानें गांवोगांव फिरला त्याचीं पंधरा वर्षें, ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

इंजिन खरोखर खोलणें अवश्य आहे कीं नाहीं, ह्याचीही खातरी आधीं करून घ्यावी. धूर काळा असेल तर इंजिनास हवा कमी पडते किंवा डिझेल अधिक जातें. मळणीच्या भुसानें तुंबलेला हवेचा फिल्टर आणि बिघडलेले नोझल हीं त्याचीं नेहमींचीं कारणें, आणि तीं थोडक्या पैशांत दूर होतात. पांढरा धूर थंड इंजिनांत थोडा वेळ निघतो, पण तो निघतच राहिला आणि तेल दुधाळ झालें, तर पाणी आंत शिरत आहे असें समजावें. निळा धूर हा तेल जळत असल्याचा. इंजिन चालू असतां तेल भरावयाचें झांकण काढल्यास तेथून जोरानें वाफारा येत असेल, आणि इंजिन तापल्यावर तेलाचा दाब खालीं बसत असेल, तर मात्र रिंगा, लायनर व बेअरिंगें यांची झीज झालेली आहे हें निश्चित. टॅपेट जुळवून, नोझल तपासून, पंप चांचणी-यंत्रावर लावून आणि दाबमापकानें प्रत्येक सिलिंडराचा दाब पाहून मगच खोलण्याचा निर्णय घ्यावा. मध्यप्रदेशांतील बुदनी येथील केंद्र सरकारची संस्था नव्या ट्रॅक्टरांच्या चांचण्या घेते, व तिच्या अहवालांत लायनर, पिस्टन, बेअरिंगें यांचीं मोजलेलीं मापें आणि झिजेची शेवटली मर्यादा दिलेली असते. आपल्या ट्रॅक्टराचा अहवाल मिळवून तो मिस्त्रीपुढें ठेवावा. "झिजलें आहे" आणि "मर्यादेबाहेर झिजलें आहे" ह्या दोन वाक्यांत कित्येक हजार रुपयांचें अंतर असतें.

मिस्त्री लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याला खोलण्याचे पैसे मिळावयाचे त्यानेंच खोलावें कीं नाहीं हें ठरवावें, ही व्यवस्था मुळांतच सदोष आहे. कापूस विकणारा आणि कापसाची प्रत ठरविणारा एकच असलेला आपल्यास चालत नाहीं, मग येथें कां चालावा ? ज्या सोसायटीजवळ चार-दोन यंत्रें आहेत तिनें एक दाबमापक व एक जाणता माणूस ठेवून, ठराविक फी घेऊन सभासदांचे ट्रॅक्टर तपासून द्यावे, आणि ह्या माणसानें दुरुस्तीचें काम स्वतः कधींही घेऊं नये, अशी आमची सूचना आहे. कामापूर्वीं लेखी अंदाज, आणि कामानंतर काढलेले जुने भाग मालकाच्या हातीं, एवढ्या दोन अटी तर आजपासूनच घालतां येतील.

सुट्या भागांविषयीं उगाच भीति बाळगली जाते. पिंजोर येथील एच. एम. टी.च्या ट्रॅक्टर विभागास टाळें लावण्याचा निर्णय २०१६ सालीं केंद्र सरकारनें घेतला, तेव्हां ते ट्रॅक्टर आतां निकामी झाले अशी आवई उठली. परंतु कारखाना बंद झाला म्हणून त्या दिवसापासून भाग मिळेनासे होतात असें नाहीं. लुधियाना आणि राजकोट येथील लहान कारखाने जुन्या इंजिनांचे लायनर-पिस्टन बनवीत असतात. मात्र माल मापानें आणि वजनानें पारखून घ्यावा. उलट, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले, व त्यांच्या इंजिनांत विजेच्या नियंत्रणाची इंधनयोजना आली. धूर कमी झाला हें चांगलेंच, पण तें इंजिन बिघडलें तर गांवच्या मिस्त्रीची पान्हापेटी तेथें पुरी पडत नाहीं. साध्या पंपाचा जुना ट्रॅक्टर ठेवण्यांत हाही एक विचार आहे.

पंधरा वर्षें झालीं कीं सरकार ट्रॅक्टर जप्त करून मोडीत घालतें, अशी अफवा दलाल लोक अधूनमधून पसरवितात आणि भाव पाडून ट्रॅक्टर नेतात. वस्तुस्थिति अशी कीं शेतीचा ट्रॅक्टर हें कायद्यानें माल-वाहतुकीचें वाहन नव्हे. त्याची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते व पुढें पांच-पांच वर्षांनीं नवी करून घेतां येते. असल्याच एका अफवेवर २०२३ सालीं केंद्र सरकारनें जाहीर खुलासा केला होता. दुसऱ्या बाजूनें हेंही सांगितलें पाहिजे कीं २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरावरील जी. एस. टी. शेंकडा १२ वरून ५ वर आला, आणि ट्रॅक्टराचे टायर व पुष्कळसे भाग यांजवरील १८ वरून ५ वर. नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला तशी दुरुस्तीही स्वस्त झाली. त्यापूर्वींचे अंदाज धरून बसलेल्यांनीं ते पुन्हां करून घ्यावे.

आतां एक अप्रिय गोष्ट. ज्यांची जमीन पांच-सात एकर आहे व ज्यांचा ट्रॅक्टर वर्षांत साठ तास चालतो, त्यांनीं इंजिनही बांधूं नये आणि नवाही घेऊं नये. भाडें तासास १,००० रुपये धरलें तरी साठ तासांचे ६०,००० होतात, आणि त्यांत डिझेल व चालक आले. वर मांडलेले ७५,००० रुपये ह्या दोहोंवांचून आहेत. ह्यावर शेतकरी जें उत्तर देतो तें आम्हांस ठाऊक आहे, व तें पोकळ नाहीं : वाफसा सर्वांच्या रानांत एकाच वेळीं येतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधीं धन्याच्या शेतांत जातो, मग त्याच्या सोयऱ्याच्या, आणि आपली पाळी येते तोंवर ओल उडालेली असते. सोलापुराकडील रब्बी ज्वारीस आठ दिवसांचा उशीर काय करतो हें सांगावयास नको. म्हणून आम्ही एकट्यानें भाड्यावर विसंबून राहण्याचा सल्ला देत नाहीं. तीन-चार शेजाऱ्यांनीं मिळून त्यांच्यांतील सर्वांत धड ट्रॅक्टर दुरुस्त करावा, बाकीचे विकावे, आणि पाळी आधींच लिहून ठेवावी. भाऊबंदकीच्या गांवीं हें कठीण आहे. पण सातबाऱ्यावर बोजा चढवून चौघांनीं चार नवे ट्रॅक्टर दारांत आणणें, आणि पाडव्यास हार घातलेल्या त्या चौघांनींही पुढें वर्षानुवर्षें हप्ते भरण्यासाठीं एकमेकांचें भाडें पाडणें, हें त्याहून सोपें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांचा हिशेब दुरुस्तीच्या बाजूनें येईल त्यांनीं वेळ नीट निवडावी. मृगाच्या तोंडावर इंजिन खोललें तर मिस्त्री घाईंत असतो, भाग मिळेल तो घालतो, आणि मालकही "कसेंही करून चालू करा" म्हणतो. श्रावणांत पेरण्या उरकलेल्या असतात, ऊस-वाहतूक सुरू होण्यास अवकाश असतो, क्रँक घासून देणाऱ्या दुकानांत गर्दी नसते. त्या दिवसांत काम केल्यास इंजिन प्रथम हलक्या कामावर पन्नासेक तास फिरवून, तेल बदलून, मगच नांगरास जोडण्याइतका वेळ हातीं राहतो.