निलंबित परवाना आणि भाड्याची गाडी

हेल्मेटविना दुचाकी चालविल्यासही परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. त्या काळात विठ्ठलवाडीहून लग्नास वा यात्रेस निघताना मुलाच्या नावे गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालविण्याचा मोह होतो, तो टाळावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८२ अन्वये अशा चालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी हाती देणारा मुलगाही कलम १८० अन्वये दोषी ठरू शकतो. अपघात घडल्यास भरपाईचा भार घरावर येण्याचा धोका वेगळाच. मुदत संपेपर्यंत चालकासह गाडी ठरवावी. चार पैसे अधिक जातील. पण पेढीची पत जपणाऱ्याने मुलाचे नाव गहाण टाकू नये.