आधी फोन करा, मग लाज वाटून घ्या

'घरबसल्या कमवा'वाल्या फसवणुकीवर जो तो एकच सल्ला देतो : सावध राहा. बरोबर आहे हो, पण ज्याचे पैसे ऑलरेडी गेलेत त्याने काय करायचं? त्याला आपण नागपूरकर काय ऐकवतो? "इतका शिकलेला ना तू, काहून भरले बे पैसे?" माझं मत विचाराल तर निम्मं नुकसान या एका वाक्याने होतं.

प्रकार काही नवा नाही. २०१०-११ मध्ये 'स्पीक एशिया' होती. ११,००० रुपये भरा, घरी बसून सर्व्हे भरा नि कमवा. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं. आता टेलिग्रामवर 'टास्क' असतात. व्हिडिओ लाइक केला की दीडशे रुपये जमा. मग 'प्रीपेड टास्क'. स्क्रीनवर नफा फुगत जातो, आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा'. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा शंभरावर वेबसाइट्स ब्लॉक केल्या. धंदा चालूच आहे.

तर मुद्दा असा, की पैसे गेल्याक्षणी घड्याळ सुरू होतं. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळते. १९३० या हेल्पलाइनला कळवलं की तक्रार त्या त्या बँकेकडे जाते आणि वाटेत जे सापडेल ते गोठवता येतं. एकदा कोणी एटीएममधून काढले की संपलं! म्हणून पहिला फोन १९३०, दुसरा बँकेला. मग 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर रीतसर तक्रार. ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, यूटीआर नंबर लिहून ठेवा. शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहेच. गोठवलेली रक्कम परत मिळवताना कोर्टाचा आदेश लागू शकतो, तेव्हा कागद जपा.

यापुढे एक रुपयाही द्यायचा नाही. 'तुमचे पैसे काढून देतो, फक्त फी भरा' म्हणणारा बहुतेक त्याच टोळीतला असतो. डेटा एंट्रीवाले 'अॅक्युरसी कमी' म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात. घाबरू नका. फसवून घेतलेल्या संमतीचा करार १८७२च्या करार कायद्यानुसार रद्द करता येतो, आणि टायपिंगच्या चुकांसाठी कुणाला अटक होत नाही. आणि हो, ते पहिले दीडशे रुपये बरेचदा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. त्यापायी तुमचं खातंही गोठू शकतं. तक्रारीत तेही लपवू नका.

आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हर झोपला की आधी तो उभा करतात. कोणामुळे झोपला, ही चर्चा नंतर. घरात मात्र आपण उलटं करतो. म्हणून मुलगी आईला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही, आणि फोन करायचा तो तास निघून जातो.

तेव्हा मंडळी, या वीकेंडला घरी एवढंच सांगून ठेवा : "असं काही झालं तर पहिले मला सांग. मी रागावणार नाही." आणि खरंच रागवू नका.