सांधेदुखीची पूरके आणि वैद्याची सही

मीरा रोड व भाईंदर येथील आमच्या दवाखान्यांत येणारे साठीपुढील बरेच रुग्ण हल्ली जुन्या चिठ्ठीबरोबर एक डबीही पुढे करतात. शल्लकी, हरिद्रा, शुंठी यांचे अर्क असलेले हे ‘फूड सप्लिमेंट’ बहुधा मुलाने वा सुनेने आणून दिलेले असते. स्थानकाचा पूल चढताना कठड्याचा आधार घेणाऱ्या या मंडळींचा प्रश्न साधा असतो : हे घ्यावे का? त्याच डब्या घेऊन उत्पादकांचे प्रतिनिधी आमच्याकडेही येतात आणि सुचवितात की, तीसेक वृद्ध रुग्णांना दोन महिने हे द्यावे, आराम किती पडला ते लिहावे व खाली सही करावी. अशा सहीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

संधिगतवाताची वेदना चढउताराची असते. रुग्ण आपल्याकडे येतो तो वेदना शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ती थोडीफार उतरतेच. आस्थेने केलेली विचारपूसही काही काम करते. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेट’ चाचणीत नुसत्या प्लासिबोवर ६०.१ टक्के रुग्णांची गुडघेदुखी निदान एकपंचमांशाने कमी झाली. ग्लुकोसामाइनवर ६४ टक्के रुग्णांची. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. याच हिशेबाने, तुलनागट नसलेल्या आमच्या तीस रुग्णांना पिठाची कॅप्सूल दिली तरी अठरा जणांच्या फॉर्मवर ‘आराम’ लिहावे लागेल.

आयुर्वेदाला असली परीक्षा लागू पडत नाही, असे काही वैद्यबंधू म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. पुण्यातच अश्वगंधा, शल्लकी, हरिद्रा व जसदभस्म यांच्या योगाची ४२ रुग्णांवर प्लासिबोशी तुलना करून निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. डॉ. अरविंद चोप्रा यांनी अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा यांच्या योगाची ९० रुग्णांवर ३२ आठवडे प्लासिबोशी तुलना केली. ती २००४ साली छापून आली आणि निष्कर्ष योगाच्या बाजूने होता. पुढे ४४० रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीत गुडूची, शुंठी, आमलकी, शल्लकी यांच्या अर्कांचे दोन योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले (२०१३). यात प्लासिबोचा गट नव्हता, ही उणीव आम्ही मानतो. तरीही या चाचणीचा आम्हांस आदर वाटतो तो एका नोंदीसाठी. आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांत लक्षणे नसताना एसजीपीटी वाढले व औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले, हे संशोधकांनी लपविले नाही. प्रतिनिधीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नसतो!

आपल्या वृद्ध रुग्णांपैकी कोणी मधुमेहाच्या, कोणी रक्तदाबाच्या, कोणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. चाचण्यांतून असे रुग्ण पुष्कळदा वगळले जातात. आणि डबी मात्र नेमकी त्यांच्याच घरी पोहोचते. शिवाय माधवकरांनी आमवातास स्वतंत्र अध्याय दिला, तो उगाच नव्हे. साम अवस्थेत लंघन-दीपन आधी. डबीवर साम-निराम असा भेद कोठे असतो? दोन्ही अवस्थांचे रुग्ण एकाच गटात घालून काढलेली सरासरी आपल्या काय उपयोगाची?

कायद्याने पूरक हे अन्न आहे. रोग बरा करण्याचा दावा त्यास करता येत नाही. जे लेबलावर छापता येत नाही ते वैद्याच्या चिठ्ठीतून वदवून घ्यावयाचे, यासाठीच आपली सही हवी असते.

शाखेने पुढील सभेत ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. नीतिसमितीची मान्यता, राष्ट्रीय चाचणी-नोंदणीतील क्रमांक, तुलनागट, यकृत व वृक्क यांच्या रक्ततपासण्या उत्पादकाच्या खर्चाने, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करण्याची लेखी हमी, एवढे असेल तरच सभासदांनी रुग्ण द्यावेत. तोवर डबी घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणावयास सांगावे, त्यांची यादी केसपेपरवर उतरवावी आणि पूरक दोन महिन्यांहून अधिक चालू असल्यास एसजीपीटी तपासून घ्यावे.